नीलवंताचे फोटो आणि काकांची तिरकी रेघ

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी फुलपाखराचा कोष उकलला. मी तेव्हा पोळ्या लाटत होते, पण वेबकॅम दर मिनिटाला आपोआप फोटो काढतो, त्या फोटोंत सगळं आलंय. सहा चाळीसच्या फोटोत कोष काळपट पडलेला, थोड्याच वेळानंतरच्या फोटोत रिकाम्या सालीला लटकलेलं, चुरगळलेल्या पंखांचं नीलवंत. आपलं राज्य फुलपाखरू, आपल्याच सोसायटीतल्या लिंबाच्या कुंडीत! तुम्ही नसतात तर हे मला कधीच दिसलं नसतं, म्हणून सगळ्यांसमोर आभार मानतेय.

पहिल्या कोषाचे फोटो मी घालवले होते. फाइलच्या नावात फक्त तास आणि मिनिट, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा फोटो आदल्या दिवशीच्या फोटोवर जाऊन बसायचा. म्हणून मग तारखेच्या नावाचा फोल्डर करायला घेतला. टर्मिनलमध्ये (संगणकाला टाइप करून आज्ञा देतात त्या खिडकीत) हाताने आज्ञा दिली की फोटो बरोबर फोल्डरात पडे, क्रॉनला (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) दिली की काहीच नाही. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. दुसरा कोष गडद व्हायला लागला होता आणि मला रडू येत होतं.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून क्रॉनला दिलेली ती आज्ञेची ओळ मोठ्याने वाचलीत आणि त्यात तारखेसाठी लिहिलेल्या % वर बोट ठेवलंत. क्रॉन त्या चिन्हाशी ओळ तोडतो, पुढचं सगळं आज्ञेत धरतच नाही. प्रत्येक % च्या आधी एक उलटी तिरकी रेघ (\) हवी. की-बोर्ड तुम्ही हातात घेतला नाहीत, मलाच टाइप करायला लावलंत. ते मला फार मोलाचं वाटतं, कारण आता ती ओळ मला पाठ आहे.

एफएसवेबकॅमला (वेबकॅमने फोटो काढणाऱ्या प्रोग्रॅमला) पहिल्या वीस फ्रेम सोडायला सांगणं हेही तुमचंच. वेबकॅम जागा होताना फोटो काळे येत होते, ते थांबलं. मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला १४४० फोटो. सेकंदाला २४ प्रमाणे जोडले की अख्खा दिवस एका मिनिटात बघता येतो.

शनिवारी वर्गात मुलांना दाखवणार आहे. तुम्ही पुढच्या बाकावर बसायला या, काकूंनाही आणा. कुंडीत अजून चार अळ्या आहेत.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरच्या बाई