ताई, मला गोलमध्ये उभं केलंत म्हणून

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही जे दाखवलंत ते आइस हॉकीचा संघ घेऊन झगडणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे, आणि समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता.

मागच्या मोसमात आम्ही एकामागून एक सामने हरत होतो आणि दर वेळी शॉट आमचेच जास्त असायचे. 35, 38, एकदा 40 च्याही वर. समोरचे त्याच्या निम्म्या शॉटांत तीन गोल करून जायचे. मी पोरांना सांगायचो, मारत राहा, गोल होतीलच. त्यांनी मनापासून ऐकलं, जमेल तिथून मारत राहिली. सामना संपल्यावर माना खाली घालून बसलेली ती पोरं बघवायची नाहीत, आणि त्या एका वाक्यापलीकडे माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं.

तुम्ही स्कोअरशीट बाजूला ठेवलीत. रेकॉर्डिंग लावलंत आणि आमच्या फॉरवर्डना सोडून समोरच्या गोलकीपरच्या पायांकडे बघायला सांगितलंत. पहिल्या पिरियडच्या वीस मिनिटांत तो जागचा फारसा हललाच नव्हता. पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, लांबूनच दिसायचा, छातीवर यायचा, तो दाबून धरायचा. "याला तुम्ही कामच दिलेलं नाही," एवढंच तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मला तुमचे गोलकीपरचे पॅड चढवायला लावून गोलमध्ये उभं केलंत. गोल 6 फूट रुंद, 4 फूट उंच. पण कडेच्या अरुंद कोनातून मारणाऱ्याला त्यातली जेमतेम एक फट मिळते, हे आत उभं राहिल्यावर कळलं. ब्लू लाइनजवळून (आक्रमणाचा भाग जिथे सुरू होतो ती निळी रेषा), समजा 18 मीटरवरून, ताशी 108 किलोमीटर वेगाने पक आला तरी गोलकीपरला 0.6 सेकंद मिळतात. पक निघताना नीट दिसला, तर मुरलेल्या गोलकीपरला तेवढे पुष्कळ झाले. मग तुम्ही आमचा एक पोरगा माझ्या पुढ्यात उभा केलात. शॉट तोच, वेग तोच, पण पक दिसला तो थेट त्याच्या पायांमधून बाहेर आल्यावर. आणि शेवटी तो आडवा पास! डावीकडून उजवीकडे, गोलच्या मधोमध निघणारी रेषा ओलांडून, आणि पक न थांबवता मारलेला शॉट. पक जाळ्यात गेला तेव्हा मी अजून डाव्या खांबाशीच होतो. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, गोलकीपर राहिलेला स्टीव्ह व्हॅलिकेट या मधल्या रेषेला 'रॉयल रोड' म्हणतो, हेही त्याच दिवशी तुमच्याकडून समजलं. शॉटच्या आधी पकने ती ओलांडली की गोलकीपरला सरकून कोन नव्याने धरावा लागतो, आणि सरकताना पायांमध्ये, काखेखाली जागा उघडते. आमच्या शॉटांच्या आधी असा पास जवळजवळ नसायचाच.

तुम्ही मला 2010 ची वॉशिंग्टन कॅपिटल्स आणि मॉन्ट्रियल यांची प्लेऑफ मालिकाही दाखवलीत. कॅपिटल्स म्हणजे 121 गुण घेऊन लीगमध्ये पहिला आलेला संघ, मालिकेत 3-1 ने पुढे. सहाव्या सामन्यात त्यांनी 54 शॉट मारले, मॉन्ट्रियलच्या गोलकीपरने, यारोस्लाव्ह हालाकने, 53 अडवले आणि मॉन्ट्रियल 4-1 ने जिंकलं. सातवा सामनाही मॉन्ट्रियलनेच 2-1 ने जिंकला. अख्ख्या मालिकेत कॅपिटल्सना 33 पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलेला असतानाची संधी) मिळाले आणि त्यात गोल झाला एक. मी लगेच म्हणालो, गोलकीपर अफाट होता. होताच. पण पुढे गेलेला संघ मागे सरून गोलसमोर दाटी करतो आणि बाहेरून मारायला मोकळीक देतो, हे तुम्ही पुन्हा पुन्हा थांबवून दाखवलंत. मग मी आमचे सामने तपासले. निम्म्याहून जास्त शॉट आम्ही पिछाडीवर गेल्यानंतरचे निघाले. ज्या आकड्यावर मी भिस्त ठेवून होतो, तो बराचसा आमच्या पिछाडीनेच वाढवलेला होता.

नशिबाचा भागही तुम्ही लपवला नाहीत. एनएचएलमध्येसुद्धा साधारण दहा-अकरा शॉटांत एक गोल होतो, त्यामुळे चार-पाच सामन्यांवरून संघाला नावं ठेवू नका, हे तुम्ही बजावलंत. खांबाला लागून परतलेला पक तर गोलवरच्या शॉटांत धरतही नाहीत.

आता माझ्या वहीत शॉटांच्या शेजारी आणखी तीन रकाने आहेत: आधी आडवा पास होता का, गोलकीपरच्या नजरेसमोर कुणी होतं का, रिबाउंडवर, म्हणजे अडवल्यावर उसळून परतलेल्या पकवर, आधी कोण पोचलं. शॉट कमी झालेत. परवा आम्ही 24 मारले आणि तीन गोल केले. तिसरा आडव्या पासवरचा होता. बेंचवरची पोरं पक जाळ्यात जायच्या आधीच उठून उभी राहिली, कारण काय होणार ते त्यांना दिसलं होतं. त्या क्षणी तुमची फार आठवण झाली.

तुमचे पॅड अजून माझ्याकडेच आहेत. पुढच्या सरावाला याल का? रिबाउंड कुठे पडतो हे पोरांना गोलकीपरच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुमचा ऋणी,
ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक