जूनचा समुद्र आणि आपला विन्या

नाशिक, २४ मे

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे मेसेज आले की नुसता अंगठा टेकवून मोकळा होत होतो. शिव्या राखून ठेव, भेटलास की घेईन. माझी शुगर होती तिथेच आहे, सुमनचा गुडघा पावसाची वाट बघतोय. प्रकृतीचं एवढं पुरे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

गेल्या आठवड्यात विन्याच्या गच्चीवर ठरलं. ठरलं म्हणजे तिकिटंसुद्धा निघाली. आम्ही दोघं, विन्या-लता, बाळ्या-शुभा. थायलंडमधलं फुकेत, २० ते २७ जून. जाऊन-येऊन माणशी १९ हजार. विन्या म्हणाला, ‘एवढ्यात तर गोवासुद्धा होत नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. रात्री अंथरुणावर पडलो आणि झोप उडाली. ते तिकीट इतकं स्वस्त का, हे त्या गच्चीवर मला एकट्याला माहीत होतं आणि मी भजी खात बसलो.

वर याचं मूळही मीच. २०१९ च्या जानेवारीत आम्ही गेलो होतो, तेव्हाचे करोन बीचचे फोटो मीच मागे ग्रुपवर टाकले होते. पाणी कसं, परातीत ओतून ठेवल्यासारखं. सुमन कमरेएवढ्या पाण्यात उभी आणि तिच्या पायाची बोटं दिसतायत. विन्याने त्याच फोटोवर बोट ठेवून हॉटेल निवडलं. किनारा तोच, वाळू तीच, महिना चुकला.

नाशिककराला हे समजावून सांगायची वेळ यावी? जानेवारीत आपण गोदाघाटावर पाय सोडून बसतो आणि ऑगस्टमध्ये पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय हे विचारून मगच पंचवटीत जातो. तिथेही तसंच. पातोंग, करोन, काटा हे सगळे पश्चिमेचे किनारे अंदमान समुद्राकडे तोंड करून आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल वारा जमिनीच्या बाजूने असतो, समुद्र गप्प. मे ते ऑक्टोबर आपल्याला पाऊस देणारा तोच नैऋत्येचा वारा लाटा घेऊन थेट किनाऱ्यावर चालून येतो.

लाट निदान दिसते तरी. मला धास्ती आहे ती परतीच्या पाण्याची. तुमच्या पिंपळगावच्या मळ्यात वाफा भरला आणि दारं मोडलं की सगळं पाणी त्या हातभर तोंडातून कसं धावतं, ते आठव. समुद्रात किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचे बांध असतात. लाटा त्या बांधावरून पाणी अलीकडे आणून टाकत राहतात. ते साठलेलं पाणी कुठून तरी परत जाणार, मग बांध जिथे खचलेला असेल तिथून ते दारं मोडून घेतं. याला रिप करंट म्हणतात. रुंदी कधी चार-पाच मीटर, कधी वीस-तीस. जोर धरला तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग जातो. ऑलिंपिकवाला जीव तोडून पोहला तर साधारण तेवढंच पोहतो. आपला विन्या म्हणजे सावरकर तलावावर अर्धी लांबी झाली की कठडा धरून गप्पा मारणारा.

आणि खरी मेख पुढे आहे. त्या दाऱ्यावर पाणी खोल असतं, त्यामुळे तिथे लाट फुटत नाही. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा. नवखा माणूस बरोबर तीच जागा शोधून उतरतो, कारण बायकोला लाटांची भीती वाटते. लता हमखास म्हणणार, ‘अहो, इथे बरंय.’ उतरण्याआधी दहा मिनिटं जरा उंचावरून बघत राहिलं तर कळतं. फेस, पालापाचोळा, वाळूने गढूळ झालेलं पाणी एका रेघेत समुद्राकडे चाललेलं दिसतं. ओहोटीच्या सुमाराला याचा जोर बहुधा वाढतो. पण दहा मिनिटं गप्प बसून पाणी बघणारा माणूस आमच्यात आहे कोण?

झेंड्यांचं मी काल हळूच काढून पाहिलं. लाल म्हणजे उतरायचंच नाही. अर्धा लाल, अर्धा पिवळा असे दोन झेंडे लांब-लांब रोवलेले असतील तर फक्त त्यांच्या मधल्या पट्ट्यात, कारण जीवरक्षकाची नजर तिथे असते. विन्या म्हणाला, ‘लाल झेंडा म्हणजे आपल्याकडची हेल्मेटसक्ती रे.’ बाळ्या हसला. बाळ्याचं तुला माहीतच आहे, तो विन्याच्या निम्म्या वाक्यालाच हसायला लागतो.

आता कळलं ना मी कुठे चाललोय?

गंगापूर धरणावरची गोष्ट विन्याने गेल्या महिन्यात पुन्हा सांगितली. ‘मी आरामात पोहत आलो आणि हे दोघे काठावर रडत होते.’ बायका हसल्या, मीही हसलो. तरंगायची ट्यूब कुणी सोडली यावर आपण १९८९ पासून भांडतोय (तू सोडलीस), पण तो पोहत आला नव्हता हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. त्याची जांभळी नखं, तोंडातून गळणारं ते मातकट पाणी, आणि तू त्याच्या पाठीत घालत होतास त्या धपाट्यांचा आवाज. घरी काय सांगायचं ते आपण तिघांनी सायकलीवर बसायच्या आधी ठरवलं, आणि पुढे त्याला तेच खरं वाटायला लागलं. ते खरं नाही, हे त्याच्या बायकोसमोर मी कोणत्या तोंडाने सांगू?

त्या दिवशी तू कपड्यांसकट उडी टाकलीस आणि तुझ्यामागे मी. आज हे सगळं वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा जातो आणि शेवटी पहिल्याऐवजी दुसराच जातो, असं कितीतरी वेळा होतं. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याच्यावर चढतो. म्हणून काठावरच्याने आधी जीवरक्षकाला हाक मारायची आणि तरंगेल ते फेकायचं. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, बर्फाची पेटी, काहीही. तसंच जावं लागलं तर असलं काहीतरी छातीशी धरूनच जायचं, रिकाम्या हाताने नाही. तिथला रुग्णवाहिकेचा नंबर १६६९ आणि पर्यटक पोलिसांचा ११५५. दोन्ही मी सुमनच्या फोनमध्ये घातलेत. तिने विचारलं, ‘आपण सहलीला चाललोय ना?’

सुमनला मी सकाळच्या बॅचला घातलंय. पोहायला चार आठवड्यांत येणार नाही, पण तरंगायला येईल. उताणं, कान पाण्यात, हनुवटी वर, हात पसरलेले, छातीत हवा. रिपमध्ये सापडल्यावर पहिलं काम तेवढंच असतं. ते पाणी तुला खाली ओढत नाही, बाहेर नेतं आणि लाटा फुटतात त्याच्यापलीकडे जाऊन बहुतेकदा सैल पडतं. किनारा समोर दिसतोय म्हणून सरळ त्याच्याकडे हात मारत राहिलास की दमतोस, आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. तरंगायचं, एक हात वर करून हलवायचा, आणि अंगात दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे पांढरा फेस दिसतोय तिकडे सरकायचं. तिथल्या लाटाच आपल्याला किनाऱ्याकडे ढकलतात. सुमनला तीन दिवसांत जमलं. मी अजून नाक धरतो, हसू नकोस.

आणखी बारीकसारीक. सुती सलवार-कमीज भिजली की अंगावर ओझं होतं आणि ओढणी पायात अडकते, म्हणून तिच्यासाठी पोहायचा पूर्ण बाह्यांचा पोशाख आणला. मंगळसूत्र आणि अंगठ्या हॉटेलच्या लॉकरमध्ये, कारण पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी गेली ते कळत नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत आलं तर ते आपल्या मापाचं नाही. आणि पाण्याआधी बिअर नाही. हे शेवटचं कलम विन्याला ऐकवणाऱ्याला माझ्याकडून कोंडाजीचा चिवडा, दोन किलो.

बोटीचं वेगळंच. शुभाला ‘माया बे’ या बेटावरच्या किनाऱ्यावर जाऊन फोटो काढायचाय. जूनमध्ये ते उघडं असतं (१ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंद ठेवतात), पण पोहू देत नाहीत, आणि त्या मोसमात तिथवर जायचं म्हणजे उघड्या समुद्रातून. स्पीडबोट लाटेवर आपटते तेव्हा पुढच्या बाकावरच्याच्या मणक्यात दणका बसतो आणि लताच्या मणक्याचं तुला माहीतच आहे. बसायचंच तर मागे, इंजिनाजवळ. त्यापेक्षा मोठी फेरीबोट बरी, आणि वाऱ्याचा इशारा असेल तर तीसुद्धा नको. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ फिनिक्स नावाची बोट वादळी समुद्रात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. तारीख बघ. मोसम आपल्याच तिकिटाचा आहे.

मी दोन रात्री नकाशा घेऊन बसलो आणि एक तोड काढली. थायलंडची दुसरी बाजू, आखातातली. कोह समुई, कोह फान्गन, कोह ताओ. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जूनमध्ये तिकडचा समुद्र बराच निवांत असतो, कारण नैऋत्येचा वारा तिथे पोचेपर्यंत मध्ये सगळी जमीन आडवी येते. फुकेतहून समुईला विमान तासाभराचं. पैसे वाचवायचे तर व्हॅनने डोनसाकच्या धक्क्यावर आणि तिथून फेरीबोट, पण त्यात दिवस जातो. मुंबईचं तिकीट बदलायला नको, ते आहे तसं राहील. दोन रात्री फुकेतच्या जुन्या गावात, पेठा बघायच्या, खायचं, समुद्राकडे पाठ. मग पाच समुईला. माणशी सात-आठ हजार वाढतील. तिकडेही बॉक्स जेलीफिशची भानगड आहे, खोटं कशाला सांगू. तिचा डंख जीवघेणा ठरू शकतो. त्यासाठी अंग झाकणारा पोशाख, आणि डंख झालाच तर ताबडतोब निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही. कित्येक किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या असतात.

शिवाय कोह ताओला मासे बघता येतील. तिथेही विन्याची मिशी आडवी येणारच. मास्कची कड नाकाखाली कातडीला चिकटायला हवी, मिशीच्या केसांतून पाणी झिरपतं. नाकपुड्यांखालचा बोटभर पट्टा भादरला की काम होतं, पण तो म्हणतो वडिलांच्या दहाव्यालासुद्धा ठेवली होती. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची हे सांगितलं, तेव्हा मात्र गडी खूश. शुभाला सांगितलंय की सनस्क्रीनची ट्यूब उलटून बघ, ऑक्सिबेंझोन किंवा ऑक्टिनॉक्सेट लिहिलेलं असेल तर तिथल्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे, दंड एक लाख बाथपर्यंत. तिने लगेच नवी ट्यूब मागवली. बुडण्याच्या भीतीपेक्षा दंडाची भीती आमच्यात चांगली चालते. आगमनाचा डिजिटल फॉर्म मी सगळ्यांचा भरणार आहे, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि तो फुकट असतो. बाळ्याने पैसे मागणारी कुठली तरी बनावट साइट उघडून कार्ड काढलंच होतं.

तुझं काय? मुग्धाचं पुण्याचं नक्की झालं का? वहिनींचा मोतीबिंदू झाला असेल आता. नागपूरचा मे तुलाच लखलाभ. काकांच्या वर्षश्राद्धाला मला यायला हवं होतं, त्याचं मी बोलत नाही, बोलण्यासारखं काही नाही माझ्याकडे.

तर मुद्दा. समुईचं मी विन्याला सांगितलं तर तो म्हणणार, ‘सुहास घाबरट आहे,’ बाळ्या हसणार आणि विषय संपणार. त्याने आयुष्यात ऐकलंय ते फक्त तुझं. का ऐकतो हे त्याला आठवत नसेल, त्याच्या पाठीला आठवत असेल. करोनचं हॉटेल ५ जूनपर्यंत फुकट रद्द होतं, म्हणजे त्याआधी फोन कर. रात्री नऊच्या आत कर. नऊनंतर तो सगळ्यालाच हो म्हणतो आणि सकाळी विसरतो. मी पत्र लिहिलं हे सांगू नकोस. म्हण, मीच कुठेतरी वाचलं. गंगापूरचं काढावंच लागलं तर काढ, लता जवळ नसताना. आणि ट्यूबचा विषय निघाला तर सांग, सुहासने सोडली होती.

तुझा,
सुहास