गाइड बदलायला गाइडचीच सही?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी प्राध्यापिका आहे. काही वर्षे लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर होते. स्टाफरूममध्ये तिला अजूनही 'विशाखा समिती'च म्हणतात. त्या काळातली एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे. गोपनीयतेचे बंधन असल्यामुळे विषय, साल, संस्था यांपैकी काहीही सांगत नाही.

पीएच.डी. करणारी एक मुलगी आपल्या गाइडविरुद्ध, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकाविरुद्ध, तक्रार लिहून घेऊन आली होती. दोन पाने, तारखांसकट. कागद हातात देता देता तिने विचारले, "मॅडम, पुढच्या महिन्यात प्रगती अहवालावर सही सरांचीच लागेल ना?" लागणारच होती. फेलोशिपही त्या सहीवरच निघायची. गाइड बदलायचा तर अर्जात सध्याच्या गाइडच्या 'ना हरकत'चा रकाना होता. तिने कागदांची घडी घातली, "विचार करून सांगते" म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही. त्या वर्षीच्या आमच्या अहवालात छापले गेले : प्राप्त तक्रारी शून्य.

असे शून्य आपल्यापुढे आले, तर कृपा करून समाधान मानू नका.

गाइड आणि विद्यार्थिनीच्या नात्यात एका माणसाच्या हातात किती काही असते, हे बाहेरून कळत नाही. विषयाला मान्यता, प्रयोगशाळेची किल्ली, शोधनिबंधावरचे नाव, पुढच्या नोकरीसाठीचे शिफारसपत्र. रात्री उशिरा आलेल्या मेसेजला उत्तर दिले नाही, म्हणून उघड धमकी क्वचितच मिळते. फक्त तपासायला दिलेले प्रबंधाचे प्रकरण चार-चार महिने परत येत नाही. याची तक्रार कोणत्या शब्दांत लिहायची?

वाट कायद्याने दिलेली आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालील नियमांत 8 वा नियम आहे : चौकशी चालू असताना आरोप असलेल्या व्यक्तीने तक्रारदार स्त्रीच्या शैक्षणिक कामावर देखरेख करू नये, अशी शिफारस समिती करू शकते. पण लेखी विनंती तिनेच करायची असते आणि अशी तरतूद आहे हे तिला कोणी सांगत नाही. ती मुलगी समोर बसली होती तेव्हा मलाही हे माहीत नव्हते. ते आजही सलते.

म्हणून विनंती अशी. तक्रार दाखल झाल्यापासून 7 दिवसांत दुसरा गाइड मिळेल, त्यासाठी आधीच्या गाइडची 'ना हरकत' लागणार नाही, चौकशीचा काळ पीएच.डी.च्या मुदतीत धरला जाणार नाही आणि फेलोशिप थांबणार नाही, असे स्पष्ट निर्देश विद्यापीठांना द्यावेत. तक्रार घेतानाच समितीने 8 व्या नियमाची माहिती आणि विनंतीचा कोरा अर्ज तिच्या हातात द्यावा. शिवाय, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) 2015 च्या विनियमांनुसार विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव हे या समितीवर असूच नयेत आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असावेत. किती ठिकाणी हे पाळले जाते, ते एकदा तपासून घ्या.

आरोप झालेल्या शिक्षकाचे काय, असे आपल्याला विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. गाइड बदलणे ही शिक्षा नव्हे. दोष ठरायचा तो चौकशीतच. आणि ती नीट व्हायला हवी. गोवा विद्यापीठातल्या एका शिक्षकाची बडतर्फी मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. समितीने घाई केली, त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, हे त्यामागचे कारण. विद्यार्थिनींच्या तक्रारी 2009 च्या होत्या. चौदा वर्षांनंतर प्रकरण पुन्हा चौकशीकडे गेले. समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण न देण्याची किंमत अशी दोन्ही बाजूंना मोजावी लागते.

बाकीच्या गोष्टींना वेळ लागेल, हे मी समजू शकते. 'ना हरकत'चा तो रकाना मात्र येत्या प्रवेशफेरीच्या आधी अर्जातून काढता येईल. तेवढे तरी करावे.

आपली,
अंतर्गत तक्रार समितीची एक माजी सदस्य