अडकलेली क्रँक पुली: मदतीला आलेल्या सगळ्यांचे आभार

क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली, म्हणजे पट्टा फिरवणारे चाक, गंजून बसली की पहिला हात हातोड्याकडे जातो. तो अडवणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या, असे सांगणाऱ्या मेस्त्रींचे आभार. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरणाऱ्या शेजाऱ्यांचेही; नाहीतर मधला बोल्ट सुटत नाही, इंजिनच फिरते.

सर्वांत मोठे ऋण पुलर (पुली ओढून काढायचे साधन) उसना देणाऱ्या काकांचे. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला लावू नका, हे त्यांनी बजावले. मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असते. कडी ओढली की ते सुटते आणि नवी पुली घ्यावी लागते. बऱ्याच पुल्यांच्या मधल्या भागात आटे पाडलेली दोन-तीन भोके असतात. पुलरचे बोल्ट तिथेच, सारख्या खोलीपर्यंत, निदान सहा-सात आटे धरतील असे बसवायचे.

शाफ्टच्या तोंडातले आटे चेपू नयेत म्हणून पुलरच्या स्क्रूखाली पोलादी गुटका लागतो. तो लेथवर लगेच काढून देणारे टर्नरभाऊ, पैसेही घेतले नाहीत तुम्ही! आणि खाली पडलेली अर्धगोल चावी (पुली शाफ्टवर घसरू न देणारा धातूचा छोटा तुकडा) शोधून देणाऱ्या शेजारच्या चिमुरडीला खूप खूप धन्यवाद.