पक्या, ती पत्र्याची शेड नाहीये रे

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचून आधी हसलो आणि मग जरा रागच आला. मी एवढ्या हौसेने स्टेडियमचा फोटो पाठवला आणि तू काय लिहितोस, ही पत्र्याची शेड कुठली, एवढ्या लांब बर्लिनला जाऊन हेच सापडलं का तुला. चॅटवर भांडत बसलो असतो तर रात्र गेली असती आणि तू मधेच झोपला असतास, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहावं. लांबणार आहे, आधीच सांगतो.

तर ते मैदान युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबचं. शहराच्या पूर्वेला कोपेनिक म्हणून भाग आहे, तिथे एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, उतरायचं आणि पंधरा-वीस मिनिटं चालायचं, त्यातला शेवटचा तुकडा चक्क झाडीतून. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं आपण वाट चुकलो, पण पुढे मागे सगळे लाल मफलरवाले आणि हातात बिअर, म्हणजे चुकलो तरी सगळे मिळून चुकतोय. मैदानाचं नाव ‘अन डेअर आल्टेन फॉर्स्टेराय’, म्हणजे साध्या भाषेत जुन्या फॉरेस्टवाल्याच्या घरापाशी. नाव कुठल्या कंपनीला विकलेलं नाही, आणि आत गेलास की चार बाजूंपैकी तीन बाजूंना खुर्ची नावाचा प्रकारच नाही. एकूण जागा २२,०१२ आणि त्यात बसायच्या फक्त ३,६१७, बाकी सगळे उभे. तू म्हणशील गरिबी. अरे, गरिबी होती हे खरंच, पण ऐक तर.

क्लबचं मूळ १९०६ मधलं, ओबरशोनेवाइडे नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतलं. या जागेवर ते खेळायला आले १९२० मध्ये आणि तीनच वर्षांनी जर्मन चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचले, तिथे हॅम्बुर्गकडून ३-० हरले. तेव्हा त्यांचा ड्रेस निळा, कारखान्यातल्या डांगरीसारखा दिसायचा, म्हणून लोक त्यांना फिटरची पोरं म्हणायचे. ‘आयझर्न युनियन’, म्हणजे लोखंडी युनियन, ही आरोळी त्याच दिवसांतली आणि आजही मॅचभर तीच चालते. मग युद्ध, फाळणी, नावं बदलली, माणसं इकडची तिकडे गेली, आणि आजच्या नावाचा क्लब निघाला १९६६ मध्ये, पूर्व जर्मनीत. दोनच वर्षांत पूर्व जर्मनीचा कप जिंकला, कार्ल त्साइस येनाला २-१ हरवून, आणि पहिल्यांदा युरोपात खेळायची संधी आली तर त्याच उन्हाळ्यात प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, कोण कुणाशी खेळणार तो ड्रॉ बदलला, पूर्वेकडच्या क्लबांनी माघार घेतली आणि यांचं युरोप गेलं ते गेलंच. नशीब म्हणतात ते हेच.

आता तुझ्या आवडीचा भाग, राजकारण. शहरात दुसरा क्लब होता बीएफसी डायनॅमो, श्टाझीचा म्हणजे गुप्त पोलिसांचा लाडका. श्टाझीचा प्रमुख एरिश मील्के स्वतः त्याच्या मागे. १९७९ पासून १९८८ पर्यंत लीग सलग दहा वेळा त्यांनीच जिंकली, आता रेफरीचं काय चालायचं ते तूच समज. युनियन मात्र कधी वर कधी खाली, पाळण्यात बसल्यासारखं. पण फॉर्स्टेरायच्या पायऱ्यांवर एक गंमत चालायची. युनियनला फ्री किक मिळाली की समोरचे खेळाडू भिंत करून उभे राहणार, आणि मग हजारो लोक एका आवाजात ओरडणार, भिंत हटलीच पाहिजे! आता बर्लिनमध्ये भिंत म्हटल्यावर कुठली भिंत हे सांगायला लागतं का, पण पकडणार कुणाला, आम्ही तर फ्री किकबद्दल बोलतोय साहेब. हे ऐकलं तेव्हा मी एकटाच ट्रेनमध्ये हसत होतो. अर्थात सगळे प्रेक्षक क्रांतिकारक होते असं आता जे रंगवून सांगतात ते मला तरी पटत नाही, बहुतेकांना शनिवारी मॅच बघायची होती आणि दोन तास मनातलं ओरडायला मिळत होतं, एवढंच. पण तेवढं तरी कुठे मिळत होतं दुसरीकडे?

भिंत पडल्यावर दोनअडीच महिन्यांत, २७ जानेवारी १९९० ला, पश्चिम बर्लिनचा क्लब हेर्था आणि युनियनची मैत्रीची मॅच झाली, पश्चिमेच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर. तिकीट पाच मार्क, पूर्वेचे द्या नाहीतर पश्चिमेचे द्या. पन्नास हजारांवर लोक आले. हेर्था २-१ जिंकली, पण गोल कुणी विचारत नव्हतं म्हणे त्या दिवशी. पुढे जाऊन हेच दोघे एकमेकांचे कट्टर दुश्मन झाले ते वेगळं.

नव्वदचं दशक म्हणजे नुसता तमाशा. १९९३ मध्ये खेळून वरच्या डिव्हिजनमध्ये जायचा हक्क मिळवला तर तिथे खेळायच्या लायसन्ससाठी दिलेली बँक गॅरंटीच खोटी निघाली! पुढच्या वर्षी परत लायसन्स नाही. मधे २००१ ला थर्ड डिव्हिजनमधून थेट जर्मन कपच्या फायनलला गेले आणि शाल्केकडून २-० हरले, की परत घसरगुंडी चालू. २००४ मध्ये तर पंधरा लाख युरोच्या आसपास गॅरंटी दाखवा नाहीतर लायसन्स विसरा अशी वेळ आली. मग लोकांनी काय केलं माहितीये? रक्त दिलं. म्हणजे खरोखर, रक्तदान केंद्रात रक्त दिलं की तिथे थोडे पैसे मिळतात, ते क्लबच्या खात्यात. मोहिमेचं नावच होतं युनियनसाठी रक्त. बाकी वर्गणी, टी-शर्ट, मित्रत्वाच्या मॅचेस हे सगळं होतंच. आपण नुसतं म्हणतो जीव टाकतो टीमवर.

आणि आता मुख्य मुद्दा, तुझ्या त्या शेडचा. २००८ पर्यंत मैदानाची पार रया गेली होती. मातीचे बांध, त्यावर मोडक्या पायऱ्या, फटींतून गवत. फुटबॉल असोसिएशन दरवर्षी सवलत देऊन देऊन कंटाळली होती आणि शहराकडे पैसे मागून काही हाती लागत नव्हतं. मग क्लबने सरळ आवाहन केलं, सामान आम्ही आणतो, हात तुम्ही द्या. आणि लोक आले रे. दोन हजारांच्या वर माणसं, वर्षभर, सगळे मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास, एक पैसा न घेता. कुणी रजा टाकून, कुणी नोकरी नव्हती म्हणून रोजच, कुणी गवंडी, कुणी वेल्डर, तर कुणी आयुष्यात घमेलं न उचललेला ऑफिसवाला ज्याला हातात फावडं देऊन बाजूला उभा केला. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात, पण आपलं श्रमदान फोटो काढून अकरा वाजता नाश्त्याला संपतं हे तुला मला दोघांनाही माहितीये. त्या सीझनला टीम घरच्या मॅचेस खेळत होती याह्न स्पोर्टपार्कवर, म्हणजे कुठे, तर डायनॅमोच्या जुन्या घरात! भाड्याने राहायचं तर दुश्मनाच्या वाड्यात. आणि तिथे राहून थर्ड डिव्हिजन जिंकले. ८ जुलै २००९ ला नवीन मैदान उघडलं, पाहुणे हेर्था, आणि युनियन ५-३ हरले. बरोबर आहे ना, हरल्याशिवाय युनियनचं कुठलं उद्घाटन.

बाहेर एक स्मारक आहे, खांबावर मोठं लाल हेल्मेट, साइटवर घालतात ते, आणि खाली काम करणाऱ्यांची नावं. मी ते बघत उभा होतो तर एक साठीतला माणूस आला, आपलं नाव शोधलं, बोट ठेवलं आणि काहीच बोलला नाही. नंतर आत योगायोगाने माझ्याच बाजूला येऊन उभा. माझं मोडकंतोडकं जर्मन ऐकून त्याने बुटाने पायरीवर दोनदा ठोकलं आणि म्हणाला, ही माझी. मी म्हटलं म्हणजे तुमची जागा का, तर म्हणाला नाही, पायरी माझी, काँक्रीट मी ओतलंय. कडेला एक जागा दाखवली, जरा खडबडीत, तिथे म्हणे पाऊस आला म्हणून घाईत फळी फिरवायची राहिली. इतकी वर्षं झाली तरी त्याला ती चूक डाचत होती. मी त्या पायरीवर बिअर सांडली होती पाच मिनिटांपूर्वी, काय लाज वाटली सांगू.

बसायच्या खुर्च्यांचा विटांचा स्टँड नंतरचा, २०१३ चा. आणि जुना स्कोअरबोर्ड त्यांनी ठेवलाय, छोटी खोली आणि त्यात हाताने पाट्या बदलणारा माणूस. मोठा स्क्रीन आहे की, पण गोल झाला की मी आधी पाटीकडे बघतो. टीमची नावं वाचतात तेव्हा प्रत्येक नावानंतर सगळं मैदान ओरडतं ‘फुसबालगॉट’, फुटबॉलचा देव, मग तो बदली गोलकीपर का असेना. आपल्या खेळाडूला शिट्ट्या मारायच्या नाहीत आणि शिटी वाजेपर्यंत घरी निघायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नाही पण निघून बघ, मागून कसे बघतात.

२०१९ ला श्टुटगार्टला प्लेऑफमध्ये मागे टाकून बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आले, पहिल्यांदाच. पहिली मॅच लाइपझिगशी, ४-० हरले. पहिली पंधरा मिनिटं सगळं स्टेडियम गप्प होतं, लाइपझिग क्लब एका कंपनीच्या पैशावर चालतो त्याचा निषेध म्हणून. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. लोकांनी फोटो धरले होते वर, चारशेच्या वर, वारलेल्या सपोर्टर्सचे, बाप, आजोबा, मित्र, जे आयुष्यभर येत राहिले आणि हा दिवस बघायला उरले नाहीत. मी ते टीव्हीवर बघितलं आणि तिथून माझं काम झालं.

पुढचं तुला ठाऊक आहे कारण त्यात तुझं रिअल माद्रिद आहे. चार सीझनमध्ये, उर्स फिशर कोच असताना, थेट चॅम्पियन्स लीग. आणि तिथे माझं क्लबशी भांडण आहे, घरच्या मॅचेस ऑलिम्पिक स्टेडियमवर नेल्या, जास्त मेंबरांना तिकीट मिळावं म्हणून. कारण चांगलंच होतं, मलाही त्यामुळेच तिकीट मिळालं, तरी सांगतो, मजा नाही आली. मधे धावायचा ट्रॅक, खेळाडू मुंगीएवढे. ब्रागाविरुद्ध २-० पुढे होते आणि इंज्युरी टाइमला ३-२ हरले. रिअलच्या बर्नाबेऊ मैदानावरही त्यांच्या बेलिंगहॅमने शेवटी शेवटी गोल मारला, तेव्हा तू मला काय काय स्टिकर पाठवलेस ते जपून ठेवलेत मी. सहा मॅचमध्ये दोन पॉइंट. नोव्हेंबरात फिशर गेला आणि टीम इतकी घसरली की मे २०२४ मध्ये शेवटच्या दिवशी फ्रायबुर्गला हरवलं तरच प्लेऑफ न खेळता बुंडेसलीगात टिकायची आशा.

ती मॅच घरी होती, फॉर्स्टेरायला. १-१, इंज्युरी टाइम, पेनल्टी मिळाली, फोलांडने मारली आणि गेली की रे वाया! माझ्या पुढचा माणूस खालीच बसला. आणि तेवढ्यात उडून आलेल्या बॉलवर हाबररने मारला, गोल. मला पाटी दिसली नाही, कुणाचा तरी कोपर माझ्या चष्म्यावर होता, चष्मा गेला तो गेलाच, दुसऱ्या दिवशी अर्धा आंधळा कामावर गेलो.

आता मैदान वाढवून चाळीस हजारांवर न्यायचा प्लॅन आहे. जागा हवीच, मेंबर वाढलेत, तिकिटासाठी मीच रडत असतो, पण त्या म्हाताऱ्याच्या पायरीचं काय करणार हे कुणाला विचारू तेच कळत नाही. म्हणून म्हणतो लवकर ये. तिकीट मी बघतो, उभ्याचंच मिळेल, गुडघ्याची कुरकुर आधीच ऐकून घेतली असं समज. रिअलचा टी-शर्ट घालून आलास तर मी तुला ओळखत नाही. आणि येताना माझ्या नंबरचा एक स्वस्तातला चष्मा करून आण, इथे फार पैसे घेतात, नंबर वेगळा पाठवतो.

तुझा,
बाळ्या

ता.क. फोटोत डावीकडे विटांची खोली दिसतेय ना, जिला तू संडास म्हणालास, तोच तो स्कोअरबोर्ड.