ती पोरं इम्पोर्टेड नाहीत, गावचीच आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या क्रीडा पानावर केप व्हर्डे हा आफ्रिकेजवळचा छोटासा बेटांचा देश 2026 च्या फुटबॉल वर्ल्डकपला पात्र झाल्याची बातमी आली. मला इतका आनंद झाला की घरात सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवली. पण शेवटाकडे एक वाक्य आलं की टीममधली बरीचशी पोरं युरोपात जन्मलेली म्हणजे इम्पोर्टेड आहेत आणि आपल्याकडे तसं चालत नाही म्हणून आपण मागे, तिथे मी थांबलो. दोन दिवस तो शब्द डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

मी बोटीवर मोटरमन होतो. 1998 साली आमची बोट बंकर म्हणजे इंधन घ्यायला केप व्हर्डेच्या मिंडेलो बंदराला लागली, साओ व्हिसेंट बेटावर, आणि आम्हा तिघांना चार-पाच तास खाली उतरायला मिळालं. बंदर सुंदर, समोर एक डोंगर आहे तो आडवा झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो, पण हिरवं म्हणाल तर काही नाही. नावात व्हर्डे म्हणजे हिरवं आणि डोळ्यासमोर सगळा तांबडा-करडा खडक. सगळा देश म्हणजे दहा बेटं, त्यातल्या नऊवर वस्ती, सेनेगलच्या किनाऱ्यापासून साधारण 600 किलोमीटर आत समुद्रात. एकूण जमीन 4033 चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा जराशी जास्त, माणसं मात्र पाच लाखांच्या आसपास.

बंदराजवळ एका आजींचं छोटं दुकान होतं, तिथे आम्ही थंड प्यायला थांबलो. भाषा कळत नव्हती, त्यांची क्रिओल आणि आमचं बोटीवरचं मोडकं इंग्लिश, तरी त्यांनी भिंतीवरचे फोटो दाखवले, एक मुलगा नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला, एक अमेरिकेत आणि एक आमच्यासारखाच बोटीवर. कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा ड्रम होता, त्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव. तिकडची माणसं असे ड्रम भरून घरी पाठवतात, कपडे, साबण, खाण्याचे डबे, पोरांचे बूट. आजींनी झाकण उघडून आम्हाला आतले बूट दाखवले, नातवासाठी आलेले, अजून कागदात गुंडाळलेले. आमच्या लहानपणी मुंबईहून बाबांची ट्रंक यायची तेव्हा आई जशी एकेक वस्तू बाहेर काढायची ना, अगदी तसंच, मला तिथे भरून आलं होतं.

आता ही माणसं बाहेर का गेली ते बातमीत यायला हवं होतं. पोर्तुगीज 1460 च्या सुमारास आले तेव्हा या बेटांवर कोणी राहतच नव्हतं. त्यांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली आणि रिबेरा ग्रांदे हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर झालं. पुढे पाऊस दगा देत राहिला, दुष्काळ पडत राहिले, 1940 च्या दशकात तर हजारो माणसं भुकेने गेली आणि वर राज्य करणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. मग जो तो मिळेल त्या बोटीने निघाला, कोणी देवमासे मारणाऱ्या जहाजांवर चढून अमेरिकेत न्यू बेडफोर्डला, कोणी साओ टोमे बेटावरच्या मळ्यांवर, नंतर लिस्बनला, रॉटरडॅमला. आज बेटांवर आहेत त्यापेक्षा जास्त केप व्हर्डीयन माणसं बाहेर आहेत. पोर्तुगीजांविरुद्धची चळवळ उभी करणाऱ्या अमिल्कार काब्रालांचा जानेवारी 1973 मध्ये खून झाला, स्वातंत्र्य 5 जुलै 1975 ला मिळालं, तो दिवस बघायला काब्राल नव्हते. गोवा 1961 ला सुटला, त्यांना अजून चौदा वर्षं लागली.

अशा देशाचा संघ बेटांपुरताच कसा असेल हो? दायलन लिव्रामेंतो रॉटरडॅमला जन्मला, क्यामेरूनविरुद्ध राजधानी प्रायात 1-0 जिंकले तो गोल त्याचा, आणि क्यामेरून म्हणजे आठ वर्ल्डकप खेळलेला देश, त्याला मागे टाकून हे 23 गुणांवर ग्रुपमध्ये पहिले आलेत. पिको लोपेस डब्लिनला जन्मला, आई आयरिश, वडील साओ निकोलाव बेटावरचे. तेव्हाच्या कोचने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज केला, याला वाटलं स्पॅम आहे म्हणून सोडून दिला, कित्येक महिन्यांनी परत विचारणा झाली तेव्हा त्याने भाषांतर करून बघितलं आणि लगेच हो म्हणाला. 2019 पासून डिफेन्समध्ये उभा आहे. याला इम्पोर्टेड म्हणायचं?

आमच्या वाडीत मे महिन्यात टेनिस बॉलची टुर्नामेंट असते, आमच्या टीममधली सहा-सात पोरं परळ, भांडुप, नालासोपाऱ्यात जन्मलेली. शिमग्याला पालखीला खांदा द्यायला पण तीच येतात रात्रीची गाडी पकडून. वाडीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती त्याचा बाप, आजा, घर सगळं सांगेल. चाकरमानी आणि त्याची पोरं गावचीच असतात, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि पूर्वी याच्या उलट होत होतं हे पण लक्षात घ्या. हेन्रिक लार्सन स्वीडनकडून खेळला, त्याचे वडील केप व्हर्डेचे. पॅट्रिक व्हिएराची आई मूळची तिथली, तो फ्रान्सकडून वर्ल्डकप जिंकला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की स्वीडनने, फ्रान्सने खेळाडू इम्पोर्ट केले, आता तशीच पोरं आजोळच्या, आजोबांच्या बेटाकडून खेळायला लागली तर लगेच शब्द बदलला. हे मला खरंच लागलं.

शिवाय हे काही एका वर्षात झालेलं नाही. फिफात ते 1986 ला आले, वर्ल्डकपची पात्रता फेरी पहिल्यांदा 2002 च्या वर्ल्डकपसाठी खेळले. 2013 मध्ये ट्युनिशियाला त्यांच्याच घरी 2-0 हरवून शेवटच्या फेरीत पोचले होते, पण बंदी असलेला एक खेळाडू खेळवला म्हणून निकाल फिरवला आणि सगळं हातातून गेलं. तेव्हा कोण किती रडलं असेल. यावेळी लिबियात 3-1 मागे पडून मॅच 3-3 केली, आणि 13 ऑक्टोबर 2025 ला प्रायात एस्वातिनीविरुद्ध हाफटाइमला 0-0, पूर्ण देश श्वास रोखून बसलेला, मग लिव्रामेंतोचा गोल, मग विली सेमेदोचा, आणि अगदी शेवटी 37 वर्षांच्या स्तोपिराचा, तो तर प्रायाचाच. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी.

दुसऱ्याच दिवशी गोव्यात फातोर्ड्याला आपण सिंगापूरकडून 2-1 हरलो आणि एशियन कपची आशा संपली, त्याचं दुःख मला पण आहे, पूर्ण मॅच बघितली. दुहेरी नागरिकत्व त्यांच्याकडे चालतं आपल्याकडे नाही, हा नियमाचा प्रश्न आहे, त्यावर वेगळा लेख लिहा, जरूर वाचेन. पण आपल्या हरण्याचा राग त्या पोरांवर नको.

एक विनंती. त्यांच्या गोलकीपरचं नाव व्होझिन्या, पात्र झाले तेव्हा वय 39, मिंडेलोचा. 1998 ला मी गेलो तेव्हा बंदरामागे धुळीत पोरं अनवाणी खेळत होती, तो त्यातलाच असेल असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा तो बारा वर्षांचा होता. 2026 च्या जूनमध्ये त्यांच्या मॅचची बातमी छापाल तेव्हा त्याच्या नावापुढे गाव लिहा, आणि लिव्रामेंतो, लोपेस यांच्या नावापुढे त्यांच्या आईवडिलांचं बेट पण लिहा.

आपला,
एक जुना वाचक, रत्नागिरी