उद्योजकांना व्यासपीठावरून खाली बोलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना अनुभवी उद्योजकांकडून शिकता यावे, ही इच्छा सगळीकडे आहे. प्रत्यक्षात होते काय, तर वर्षातून एकदा सभागृह भरते, पाहुणा तासभर बोलतो आणि प्रश्नांना शेवटची दहा मिनिटे उरतात. पिशव्या आणि गणवेश शिवण्याचा कारखाना मी 26 वर्षे चालवला, अशी भाषणेही बरीच केली. त्यांत मी फक्त जम कसा बसला तेवढेच सांगत आले.

तीन वर्षांपूर्वी भाषण आटोपल्यावर एका विद्यार्थिनीने मला जिन्यात गाठले. "मॅडम, माझा हिशेब बघाल का?" तिला कार्यालयांना गणवेश पुरवायचे होते. तक्ता सुबक होता, तिसऱ्या महिन्यापासून नफा दिसत होता. मी विचारले, गिऱ्हाईक पैसे कधी देणार? 60 दिवसांनी. कापडवाला उधारी किती दिवसांची देतो? 15. आणि शिवणाऱ्यांची मजुरी? दर आठवड्याला.

मग मी तिला पेन्सिल दिली आणि जमेचा प्रत्येक आकडा दोन रकाने, म्हणजे दोन महिने, पुढे सरकवायला सांगितला. नफा होता तेवढाच राहिला, पण चौथ्या महिन्यात मजुरीला पैसा उरेना. ऑर्डर वाढवून पाहिली तर खड्डा आणखी खोल. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "खेळत्या भांडवलाच्या पेपरात मला चांगले मार्क होते."

त्या दिवशी मी तिला व्यासपीठावर कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. बयाणा न घेता मी एक मोठी ऑर्डर उचलली होती. पैसे पाच महिने अडकले आणि मला दोन मशिने विकावी लागली. पुढे आम्ही आणखी पाच वेळा भेटलो. तिसऱ्या भेटीला ती हिरमुसून आली. तिघांकडे बयाणा मागितला, दोघांनी सरळ नकार दिला होता. मला विचाराल तर तिचे खरे शिक्षण त्या दोन नकारांपासून सुरू झाले, कारण तिसरा का तयार झाला हे आम्ही तासभर बसून शोधले.

सरस सरस्वती या संशोधिकेने 27 मुरलेल्या उद्योजकांना एका काल्पनिक उत्पादनाचा प्रश्न देऊन मोठ्याने विचार करायला लावले होते. या अभ्यासातून तिने 2001 मध्ये जी मांडणी केली, तिचा गाभा असा: ही माणसे हाताशी काय आहे तिथून सुरुवात करतात आणि किती नुकसान झेपेल ते आधी ठरवतात. हे मोठ्याने विचार करणे विद्यार्थ्याला शेजारी बसूनच ऐकता येते. शंभर जणांपुढे कोणी तसे बोलत नाही.

म्हणून महाविद्यालयांना माझी विनंती आहे. एका उद्योजकाकडे दोन-तीनच विद्यार्थी द्या आणि महिन्याच्या अंतराने पाच-सहा भेटी ठरवा. मागच्या भेटीनंतर काय करून पाहिले ते विद्यार्थ्याने लिहून आणावे. एखादा प्राध्यापक सोबत बसला तर फार बरे, आमची बाजारू भाषा तो पुस्तकाशी जोडून देतो. शक्य तिथे दोन मार्गदर्शक एकत्र बसवा. एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत 2000 पासून चालणाऱ्या उपक्रमात नवउद्योजकाला मार्गदर्शकांचा गटच भेटतो. यामागचे कारण मला अनुभवाने पटले आहे. बयाण्याचा माझा हट्ट ऑर्डरच्या धंद्यात चालतो, किरकोळ दुकानदाराला तोच सल्ला दिला तर त्याचे गिऱ्हाईक पळेल. आणि मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या धंद्यात स्वतःचा वाटा शोधू नये, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या.

महिन्याला दोन तास द्यायला मी तयार आहे. माझ्या ओळखीचे आणखी चौघे तयार आहेत. आजवर आम्हा पाचही जणांना बोलावणे आले आहे ते फक्त भाषणाचे.

आपली,
एक लघुउद्योजिका